सेटिंग २, तरी सॅच्युरेशन ८१: कोपरखैरण्यातल्या एका घरगुती ऑक्सिजनचं प्रकरण

रुग्ण ६६ वर्षांचे माथाडी कामगार. आधी मशीद बंदर, नंतर वाशीचं मसाला मार्केट, आयुष्यभर पोती वाहिलेली. मिरची-हळदीची धूळ आणि विडी दोन्ही बरोबरीनं छातीत गेलं. विडी चार वर्षांपूर्वी सुटली. घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत: खाली हॉल, स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर एक खोली. घरात त्यांना सगळे आबा म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील ठेवलेले नाहीत.

निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार. फुंकण्याच्या चाचणीत एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर टाकलेली हवा, अपेक्षेच्या ३२ टक्के. ऑगस्टमध्ये छातीत संसर्ग होऊन रुग्णालयात राहावं लागलं. घरी सोडताना साध्या हवेवर धमनीतल्या रक्ताची तपासणी झाली: ऑक्सिजनचा दाब ५१ मिमी, कार्बन डायऑक्साइडचा ५२, पीएच (रक्ताची आम्लता दाखवणारा आकडा) ७.३७. ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली असेल तर घरी दीर्घकाळ ऑक्सिजन लावतात, त्यामुळे निर्णय योग्यच होता. पण कागदावर एवढंच लिहिलं गेलं: ‘ऑक्सिजन २ लिटर’. बसल्यावर किती, झोपेत किती, चालताना किती, दिवसाचे किती तास, सॅच्युरेशन (रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजननं भरलंय तो आकडा) कुठल्या दोन आकड्यांमध्ये ठेवायचं, यातलं काहीच नाही. पुढचा बहुतेक त्रास या अपुऱ्या ओळीतून निघाला.

मुलानं मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं घरगुती कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन, आणलं. बाहेर जायला बॅटरीवर चालणारं, खांद्याला अडकवायचं छोटं मशीनही घेतलं. घरच्या मशीनवर प्रवाह दाखवणारी गोळी २ वर, म्हणून छोट्या मशीनवरही सेटिंग २. सहा आठवड्यांत चित्र असं झालं: भाजीबाजारापर्यंत जाताना ओठ निळसर, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर सॅच्युरेशन ८१. घाबरून घरी आणलं की घरचं मशीन चार-पाच लिटरवर. त्यावर आबा गाढ झोपत, सकाळी डोकं जड, हाका मारल्या तरी ‘ओ’ द्यायला वेळ, एकदा सुनेला बहिणीच्या नावानं हाक मारली. घरच्यांना वाटलं आजार शेवटाकडे चालला. फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा चार लिटरवर सॅच्युरेशन ९७ होतं, आणि कार्बन डायऑक्साइड ६१, पीएच ७.३३.

म्हणजे एकाच माणसाला चालताना ऑक्सिजन कमी पडत होता आणि झोपेत जास्त होत होता. सॅच्युरेशन ९७ पाहून घरातल्यांना हायसं वाटायचं, धोका नेमका तिथेच होता. तीव्र सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड आधीच साठत असेल, तर गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजननं तो आणखी चढतो: फुप्फुसाच्या निकामी भागांकडेही रक्त वळतं, श्वासाची ओढ थोडी मंदावते, गुंगी येते. अशा रुग्णाचं लक्ष्य ८८ ते ९२. मशीन दीड लिटरवर आणल्यावर आबांचं सॅच्युरेशन ९० वर स्थिरावलं, दुसऱ्या दिवशी कार्बन डायऑक्साइड ५३ वर आला आणि बोलणं पूर्ववत झालं.

घरात काय सापडलं

खरी माहिती घर पाहिल्यावरच मिळाली. कॉन्सन्ट्रेटरच्या मागे एक तासमापक असतो, विजेच्या मीटरसारखा, मशीन एकूण किती तास चाललं ते दाखवणारा. घरचे म्हणत होते ‘दिवसभर लावतो’. विकत घेतल्याच्या तारखेपासून भागाकार केला तर दिवसाला नऊ तास निघाले. या उपचारानं आयुष्य वाढतं हे दाखवणारे दोन अभ्यास जुने आहेत, १९८० आणि १९८१ चे, आणि दोन्हींचं सार हेच की दिवसाला किमान १५ तास हवेत, त्याहून जास्त असेल तर उत्तम. नऊ तासांत तो फायदा हाती लागत नाही.

नऊच का? विचारल्यावर कळलं की मशीन बंद ठेवण्यामागे लाईट बिल होतं. साधारण ३५० वॉटचं मशीन १६ तास चालवलं तर दिवसाला ५.६ युनिट, महिन्याला १७० च्या आसपास. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटनंतर दर चढतो, त्यामुळे आधीच शंभरच्या घरात वापर असलेल्या कुटुंबाला हा सगळा बोजा वरच्या दरानं पडतो. आबा स्वतःच, कोणी बघत नसताना, बटण बंद करत. पाहुणे आले की नळी काढून ठेवत, ते वेगळं. ऑक्सिजन लिहून देणाऱ्यानं पहिल्याच दिवशी हा खर्च आकड्यात सांगायला हवा. कुटुंब मग इतर खर्चात जागा काढतं. न सांगता आलेलं बिल मात्र उपचारातूनच कापलं जातं.

मशीन कपाट आणि भिंतीच्या बेचक्यात, पडद्याला टेकून होतं. हवा आत घ्यायच्या जागेला चारही बाजूंनी किमान एक फूट मोकळी जागा लागते. नाहीतर मशीन तापतं, आणि आतल्या झिओलाइटच्या नळकांड्या, ज्या हवेतला नायट्रोजन धरून ठेवून ऑक्सिजन पुढे सोडतात, नीट काम करत नाहीत. बाहेरच्या जाळीवर तुर्भ्याच्या बाजूनं येणारी धूळ आणि स्वयंपाकाच्या तेलाचा थर होता. ऑक्सिजन मोजायच्या उपकरणानं पाच लिटरवर शुद्धता ८४ टक्के आली, जी ९० च्या वर हवी. जाळी धुऊन, मशीन मोकळ्यात ठेवून आणि आतला फिल्टर बदलून ती ९३ झाली. जाळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुवायची, पूर्ण वाळवूनच बसवायची. पावसाळ्यात ओली जाळी घाईनं बसवणं ही नेहमीची चूक. झिओलाइटचा ओलाव्याशी उभा दावा आहे. म्हणून दोन जाळ्या ठेवाव्यात, एक वाळत, एक मशीनमध्ये.

याहून मोठी गळती पाण्याच्या बाटलीत होती. बाटलीचं झाकण आट्यांवर तिरकं बसलं होतं. मशीनवरची गोळी २ दाखवत होती आणि नळीच्या टोकाला मोजलं तर १.२ लिटर. ही चूक घरी ओळखता येते: बाटलीपुढची नळी दोन बोटांनी घट्ट दुमडून धरा. झाकण नीट असेल तर काही सेकंदांत बाटलीच्या झडपेतून शिट्टी येते आणि गोळी खाली बसते. शिट्टी नाही, तर कुठेतरी गळतंय. गोळी वाचताना डोळा तिच्या पातळीवर आणायचा आणि गोळीचा मध्य रेषेवर धरायचा. उभ्यानं वरून पाहिलं तर आकडा चुकतो.

चार लिटरपर्यंत बाटलीची बहुतेकांना गरजही नसते. आबांचं नाक कोरडं पडून रक्त यायचं म्हणून ठेवली. डिस्टिल्ड वॉटर, दोन रेघांच्या मधे, रोज ओतून नवं. बाटली एक दिवसाआड साबणानं धुऊन वाळवायची. नळाचं पाणी नको, क्षार जमतात आणि जंतू थेट छातीत जातात. नळी वीस मीटर होती, दोन जोडून केलेली. ती दहा मीटरची एकसंध केली आणि पलंग खाली हॉलमध्ये आणला. जिन्यावर नळी आली की रुग्ण तरी अडखळतो नाहीतर नातवंड.

छोट्या मशीनवरचा आकडा

घरचं मशीन ऑक्सिजन सतत सोडतं. २ लिटर म्हणजे मिनिटाला २००० मिलि, माणूस श्वास आत घेवो वा बाहेर टाको. बॅटरीवरचं छोटं मशीन एवढा ऑक्सिजन बनवूच शकत नाही. ते नाकातली ओढ ओळखतं आणि श्वासाच्या सुरुवातीला एक झोत सोडतं. यावरचे १ ते ५ हे आकडे लिटर नसतात, कंपनीच्या पायऱ्या असतात. आबांच्या मशीनची माहितीपुस्तिका सेटिंग २ वर मिनिटाला एकूण ४२० मिलि सांगते. मिनिटाला २० श्वास असतील तर प्रत्येक झोत २१ मिलि. चालताना श्वास ३० झाले की तेच ४२० मिलि तीस भागांत वाटले जातात, झोत १४ मिलि. जेव्हा शरीर जास्त मागतं तेव्हाच प्रत्येक श्वासात कमी मिळतं. सगळी मशीनं अशीच चालत नाहीत, काही झोत तेवढाच ठेवतात. म्हणून एका मशीनवरचा ‘दोन’ दुसऱ्यावर जसाच्या तसा लावता येत नाही.

बसलेल्या आबांना सेटिंग २ वर ९० मिळायचे. दुकानात बसवूनच तपासलं होतं, त्यामुळे मशीन ‘पास’ झालं. तपासायचं ते चालवून. सपाट लांब व्हरांड्यात, याच मशीनवर, दर वेळी अर्धा तास विश्रांती देऊन सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचण्या घेतल्या. सेटिंग २: तिसऱ्या मिनिटाला ८१, थांबवावं लागलं. सेटिंग ३: ८५. सेटिंग ४: ८८, सहा मिनिटं पूर्ण, मधे एक थांबा. सेटिंग ५: तरीही ८८, आवाज वाढला आणि बॅटरी दीड तासावर आली. म्हणून ४ ठरलं. तुलनेसाठी सिलिंडरवर सतत ३ लिटरनं ८९ आले.

आणखी दोन गोष्टी आड येत होत्या. घरात फिरायला सोयीचं म्हणून छोट्या मशीनला सात मीटरची नळी जोडली होती. लांब नळीत नाकाची हलकी ओढ मशीनपर्यंत उशिरा पोचते, झोत श्वासाच्या शेवटी येतो आणि वाया जातो. पुस्तिकेत लिहिली असेल तीच लांबी, बहुधा सव्वा ते दोन मीटर. आणि आबा दम लागला की तोंडानं श्वास घेत. तोंडाची ओढ मशीनला कळत नाही. सर्दीनं नाक चोंदलं असेल त्या दिवशी हे मशीन घेऊन बाहेर पडायचंच नाही. झोपेतही ते वापरायचं नाही, कारण उथळ श्वास कधी ओळखला जातो, कधी नाही.

खांद्यावर सव्वादोन किलो घेऊन चालणं हेही काम असतं. चाकांच्या वॉकरच्या टोपलीत मशीन ठेवलं आणि हात दांडीवर टेकले, तेव्हा त्याच सेटिंगवर अंतर ११० मीटरवरून २१५ वर गेलं. हात टेकले की मानेचे आणि खांद्याचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. वॉकरची आबांना लाज वाटत होती, पहिले आठ दिवस ते फक्त निसर्ग उद्यानात वापरत, ओळखीची माणसं कमी म्हणून. हिवाळ्यात पहाटेचा फेरा मात्र बंद केला. धुरकं जमिनीलगत बसलेलं असतं, ऊन वर आल्यावर निघायचं.

दिवसातली सगळ्यात मोठी घसरण

ती बाजारात नव्हती, आंघोळीत होती. आबा न्हाणीत जाताना नळी काढून जायचे, भिजेल म्हणून. वाकून पाणी घेणं, हात वर करून डोकं धुणं, अंग पुसणं, सगळं श्वास रोखून. बाहेर येताच मोजलं: ७६. पुन्हा ९० वर यायला नऊ मिनिटं. हे रोज घडत होतं आणि कोणाच्या मोजणीत नव्हतं.

नळी भिजली तरी काही बिघडत नाही, भिजू नये ते मशीन. ते बाहेर ठेवून नळी दाराच्या फटीतून आत घेतली, प्रवाह ३ लिटर. प्लास्टिकचा पाठ असलेला स्टूल, बादली दुसऱ्या स्टुलावर म्हणजे वाकायला नको, लांब दांडीचा तांब्या, पाणी कोमट, दार किंचित उघडं कारण वाफेत दम कोंडतो. पंच्यानं पुसण्याऐवजी टॉवेलचा झगा अंगावर घेऊन पाच मिनिटं बसायचं, तो पाणी शोषतो. आंघोळ उठल्या उठल्या नको. सकाळची इन्हेलरची औषधं घेऊन अर्धा तास गेल्यावर. पहिल्याच आठवड्यात ७६ चे ८६ झाले.

जिन्याचं तंत्र तेच: उभं राहून नाकानं श्वास आत, ओठ चिमटीत धरून फुंकर घालत पायरी चढायची. आत दोन आकडे, बाहेर चार. फुंकर लांबली की आत अडकलेली हवा निघते आणि पुढच्या श्वासाला जागा होते. संडासला जोर लावणं टाळण्यासाठी बद्धकोष्ठावर औषध दिलं, ते इन्हेलरइतकंच महत्त्वाचं ठरलं.

जेवतानाही नळी नाकात. कडक भाकरी चावण्यात आबा थकून अर्धवट उठत. आता ती दुधात वा आमटीत कुस्करून, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं, रोज दोन अंडी. वजन ४७ किलो आहे, ते वाढणं गरजेचं.

देव्हारा, उदबत्ती, तूप

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीला ज्वाला करतो, आणि कपड्यांत, चादरीत मुरून राहतो. मशीन बंद करून लगेच काडी ओढणंही धोक्याचं. देव्हारा आबांच्या पलंगापासून चार फुटांवर होता, निरांजन रोजचं. देव्हारा स्वयंपाकघरापलीकडच्या भिंतीवर नेला. उघड्या ज्वाळेपासून दहा फूट ही किमान मर्यादा. गणपतीत कापराची आरती हॉलमध्ये होते तेव्हा आबा वरच्या खोलीत बसायला तयार नव्हते, आणि तसं सांगणंही योग्य वाटलं नाही. शेवटी गणपतीची जागा दारापाशी आणि आबांची खुर्ची आतल्या टोकाला, मधे पंधरा फूट, धूप नाही, असं ठरलं. उदबत्ती आणि डासांची कॉइल मात्र कायमची बंद. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण मोजले तर ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. पलंगाला मच्छरदाणी लावली.

नाक कोरडं पडलं की आबांच्या घरी तुपाचे थेंब सोडत, ओठांना खोबरेल, रात्री छातीला बाम. ऑक्सिजनजवळ तेलकट काही नको. नाकातलं तूप श्वासाबरोबर फुप्फुसातही उतरतं. त्याऐवजी सलाईनचे थेंब आणि पाण्यात विरघळणारं जेल. कानामागे नळी घासून जखम झाली होती, तिथे मऊ गॉझची गुंडाळी.

वीज गेली तर

घरच्या इन्व्हर्टरवर मशीन लावून पाहिलं होतं, ते गुरगुरून बंद पडलं. चौकोनी लहरीच्या साध्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर तापतो. शुद्ध साइन वेव्ह, किमान १००० व्हीए, १५० एएच बॅटरी असेल तर तीन तासांच्या आसपास मिळतात. त्यामागे बी प्रकारचा सिलिंडर. हिशेब सोपा: सिलिंडरची पाण्याची क्षमता सुमारे १० लिटर, भरलेला दाब १५० बार, गुणाकार १५०० लिटर. मिनिटाला २ लिटरनं साडेबारा तास, पण चतुर्थांश राखीव धरून नऊच मोजायचे. काटा अर्ध्यावर आला की तास अर्धे.

सिलिंडर उभा, साखळीनं भिंतीला. त्याची किल्ली दोरीनं त्यालाच बांधून ठेवायची, कारण अंधारात ती कधीच सापडत नाही. रेग्युलेटर बसवताना मधलं वॉशर आहे ना पाहायचं, हाताला तेल वा क्रीम नको, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची नाही, झडप हळू उघडायची. जोडावर लावलेल्या साबणाच्या फेसात बुडबुडे आले तर वॉशर बदला, जोर लावून आवळू नका. वापर संपल्यावर सिलिंडरची मुख्य झडप बंद. नुसता प्रवाहाचा खटका बंद ठेवला तर सकाळी सिलिंडर रिकामा मिळतो. आबांच्या घरी सून आणि थोरली नात या दोघींनी दिवे बंद करून हा बदल करून पाहिला. पहिल्यांदा सहा मिनिटं लागली, तिसऱ्यांदा दोन.

गावाकडे

गाव सातारा जिल्ह्यात, उंची सातशे मीटरच्या घरात. एवढ्यानं निरोगी माणसाला काही जाणवत नाही, पण फुप्फुसात येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा मिमीनं कमी होतो. आबांकडे तेवढं अंतरच शिल्लक नाही. म्हणून पोचल्यावर अर्धा तास बसून मोजायचं आणि ८८ खाली असेल तर अर्धा लिटर वाढवायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलं. गाडीत बसून सेटिंग २ पुरतं, त्यावर एक बॅटरी साडेचार तास. उतरून चालताना ४, त्यावर अडीच. प्रवास सहा तासांचा, तयारी दीडपट म्हणजे नऊ तासांची, दोन भरलेल्या बॅटऱ्या. गाडीच्या सॉकेटवर मशीन चालतं, पण बॅटरी चार्ज होतेच असं नाही, हे निघायच्या आदल्या दिवशी तपासलं. घरचं मोठं मशीन डिकीत उभंच नेलं, रात्रीसाठी. उन्हात बंद गाडीत छोटं मशीन ठेवलं नाही; चाळीस अंशांच्या वर ते बंद पडतं.

आता भिंतीवर लावलेला कागद

बसून १.५ लिटर. झोपेत २. आंघोळ आणि जिना ३. बाहेर चालताना छोटं मशीन, सेटिंग ४. दिवसाचे किमान १६ तास. लक्ष्य ८८ ते ९२. आकडा खाली गेला तर क्रम असा: थांबा, पुढे झुकून बसा, फुंकरीचा श्वास, नळी नाकात आहे का, दुमडली का, मशीन चालू आहे का, बोट चोळून गरम करा, मिनिटभर आकडा स्थिर होऊ द्या. काळसर त्वचेवर ऑक्सिमीटर दोन-तीन अंक जास्त दाखवू शकतो, त्यामुळे ८८ ला ‘काठावर’ समजा. पाच मिनिटांनीही ८५ खालीच, तर फोन. गुंगी, गोंधळ, सकाळची डोकेदुखी दिसली तर ऑक्सिजन वाढवायचा नाही, बंदही करायचा नाही, रुग्णालय गाठायचं. बेडका पिवळा-हिरवा किंवा दुप्पट, पायांवर सूज, दोन दिवसांत दम वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

तीन महिन्यांनी तासमापकावरून रोजचे साडेसोळा तास निघाले. वजन ४८.५. संसर्गातून उठताना सुरू केलेला ऑक्सिजन काहींना दोन-तीन महिन्यांनी लागतही नाही, म्हणून साध्या हवेवर रक्त पुन्हा तपासलं: ऑक्सिजन ५४, निकषाच्या आतच, त्यामुळे चालू ठेवला. कार्बन डायऑक्साइड ५२. तो ५३ च्या वर टिकून राहिला असता तर रात्री मास्कच्या बायपॅप मशीनचा विचार करावा लागला असता. सध्या नाही, पुढची तपासणी हिवाळा संपल्यावर, आणि त्याच वेळी छोट्या मशीनवर पुन्हा चालवून, कारण तोवर बॅटरीही जुनी झालेली असेल. पहाटे संडासला जाताना सॅच्युरेशन अजून ८५ पर्यंत उतरतं. पलंगाजवळ कमोडची खुर्ची आणली आहे, आबांनी ती अजून वापरलेली नाही.